पाणी कुठवर आलं होतं

"पाणी इलांच नाय," आबा जुवाटकर म्हणाले, आणि त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसलेल्या सगळ्या माना एकदम हलल्या.

मी पुन्हा विचारलं. "आबा, तीन वर्षांपूर्वीचं वादळ म्हणतेय मी. दिवाळीनंतरचं. होड्या रस्त्यावर आल्या होत्या ते."

"तांच सांगतंय मी. वारो होतो. कौलां उडाली, माड पडले. पाणी बांदाक लागलां आणि मागे गेलां."

"एकाही घरात शिरलं नाही?"

"इचारा खयच्याय घरात."

मी विचारलं. शेजारच्या म्हातारीनं तेच सांगितलं, तिच्या सुनेनं तेच सांगितलं, जाळं विणत बसलेल्या दोघा भावांनी तेच सांगितलं. "बांदाक लागलां आणि मागे गेलां." शब्दाला शब्द तोच, शाळेतल्या पोरांनी पाढा म्हणावा तसा. आबांची सून सुगंधा सगळ्यांना कोकम सरबत देत फिरत होती. मी तिच्याकडे वळून तोंड उघडलं, तर तिनं ग्लास माझ्या हातात ठेवला आणि सरळ आत निघून गेली. आत पाळणा होता. त्याची दोरी कुरकुरायला लागली.

"तिका काय इचारतास," आबा म्हणाले. "ती तेवा म्हायेराक होती."

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्यामुळे समुद्राच्या लाटांचं गणित मांडणारी बाई बार्शीची आहे हे कळलं की लोक आधी पोटभर हसून घेतात. हसू देत. माझं काम सांगायला सोपं आहे. समुद्राचा तळ, किनाऱ्याचा चढउतार, वाळूचा कण केवढा, वारा कुठून आणि किती जोराचा, हे सगळं कॉम्प्युटरात भरायचं आणि त्याच्यावर एक वादळ सोडायचं. मग लाटा केवढ्या उठतील, किनाऱ्याची वाळू कुठून उचलून कुठे नेतील, पाणी किती आत येईल, हे तो दाखवतो. पण पुढच्या वादळाबद्दल त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर आधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. होऊन गेलेलं वादळ त्याच्याकडून पुन्हा घडवून घ्यायचं आणि तेव्हा जे खरोखर झालं तेच तो दाखवतो का ते बघायचं. तेव्हा काय झालं हे मात्र माणसांनाच विचारावं लागतं.

बांदिवणे गावात मी त्यासाठीच आले होते. गावाच्या दोन वाड्या किनाऱ्याला लागून. देऊळवाडी जरा चढावर, आणि टोकवाडी अगदी शेवटाला, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर. एका दारातून समुद्र दिसायचा, मागच्या दारातून खाडी. आमच्या अहवालावर पुढचं सगळं ठरायचं होतं. ज्या वाडीत वादळाचं पाणी शिरतं तिच्यावर नकाशात लाल रेघ मारायची, आणि लाल रेघेतली माणसं वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावरच्या, नव्या वसाहतीत न्यायची. जिथे शिरत नाही ती वाडी आहे तिथेच राहणार. हे मला जेवढं माहीत होतं तेवढंच टोकवाडीलाही माहीत होतं.

कॉम्प्युटर टोकवाडीच्या बाजूनं होता. वाडीच्या समोर वाळूचा एक लांबलचक उंच बांध होता, वरून मर्यादवेल पसरलेला, जांभळी फुलं आलेला. मोजणीची माणसं महिन्याभरापूर्वी येऊन त्याची उंची घेऊन गेली होती. कॉम्प्युटरात जुनं वादळ सोडलं की लाटा त्या बांधाला धडकायच्या आणि परत फिरायच्या. वाडी कोरडी. देऊळवाडीत मात्र शाळेच्या पायऱ्यांना पाणी लागायचं, आणि ते खरंच लागलं होतं, सगळं गाव सांगत होतं.

मी पुण्याला आमच्या प्रमुखांना, नाडकर्णी सरांना फोन लावला.

"कॉम्प्युटर म्हणतो पाणी आलं नाही. लोक म्हणतात पाणी आलं नाही," ते म्हणाले. "आता अजून कोणाला विचारायचंय? समुद्राला?"

"सर, चढावरच्या शाळेला पाणी लागतं आणि वाळूवरची वाडी कोरडी राहते. फारच जुळतंय."

"बारबोले, जुळलं नाही तर तू रडतेस. जुळलं तरी रडतेस. उद्या ग्रामसभा आहे, तिथे निकाल सांग आणि ये परत."

दुपारी मी देऊळवाडीत रतनबाईंच्या खानावळीत जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं झकास होतं, मी तसं बोलले, त्या खूश झाल्या, आणि टोकवाडीत काय काय कळलं असं त्यांनी विचारलं. पाणी आलं नव्हतं म्हणतात, मी सांगितलं.

"पाणी नाय?" रतनबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "मगे आमी होडी घालून माणसां काढली ती काय जत्रेक न्हेवक?"

गल्ल्यावरून त्यांचा नवरा खाकरला. "रतन, भाकरी करपता."

भाकरी करपत नव्हती. पण रतनबाईंनी मान खाली घातली ती घातलीच. मी हात धुवायला मागे गेले तेव्हा त्या पाणी घालता घालता हळूच म्हणाल्या, "माका काय इचारू नको बाय. त्यांची आमची रापण एकच. घरात घरां लागलेली."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी धरून वाळूवर खेचायचं. एका घराला ते झेपत नाही, अख्खी वाडी लागते, आणि मिळेल त्यात अख्ख्या वाडीचा वाटा. तेव्हा रतनबाई का गप्प बसल्या ते मला समजलं. टोकवाडी का खोटं बोलते तेही अर्धंमुर्धं समजलं. पण कॉम्प्युटरला तर रापण नव्हती, तो कशाला खोटं बोलेल, ह्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं.

मी परत टोकवाडीत गेले. पुरुष माणसं किनाऱ्यावर जाळ्यापाशी होती. मी सुरूच्या सावलीत लॅपटॉप उघडून बसले आणि तेच वादळ तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सोडलं. मागून कोणीतरी आलं. सुगंधा होती, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी.

"माका दाखवशात?"

मी जागा करून दिली. ती वाळूत बसली. पडद्यावर निळं पाणी चढत गेलं, लाटा एकामागून एक आल्या, बांधाशी फुटल्या, हळूहळू ओसरल्या. हे सगळं वरून पाहिल्यासारखं दिसतं, घरांच्या जागी छोटे चौकोन असतात.

"आमचां घर खयचां?"

मी दाखवलं.

"कोरडां रवलां," ती म्हणाली.

"हो."

"परत लावा."

मी परत लावलं. ती पापणी न हलवता बघत होती. मुलीनं पडद्याला हात लावला तर तिनं तो धरून ठेवला. पाणी ओसरायला लागलं तशी तिनं बांधाच्या रेघेवर बोट टेकलं.

"हो बांद काढून टाका."

"का?"

"तेवा हो नव्हतो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "नव्हता म्हणजे?"

"आमी घातलो. वादळ सरल्यार. सगळी वाडी टोपलेन रेव हाडी होती, शिमग्यापर्यंत. वयर आबांनी वेल लावल्यानी. तो काय खयय रुजता." तिनं किनाऱ्याकडे एकदा बघून घेतलं. "खोटां वाटता तर खणून बघा."

तिनंच खोरं आणून दिलं. वाऱ्यानं साठलेल्या वाळूचा बांध कापला तर आत चपातीचे पदर सुटावेत तसे थर दिसतात, एकावर एक, बारीक. मी कोपरभर खणलं आणि एकही थर दिसला नाही. खोरं खट्ट वाजलं. कौलाचा तुकडा निघाला. मग कौलंच कौलं. मातीच्या भिंतीचं ढेकूळ, त्याला अजून चुन्याचा रंग. खिळा मारलेली वाशाची फळी. आणि खाली अर्धा फुटलेला दगडी पाटा.

"तो माझो," सुगंधा म्हणाली. "म्हायेरसून हाडललो."

मी खोरं टाकून खालीच बसले. त्यांनी आपली मोडलेली घरं समोर रचली होती, त्यांच्यावर वाळू ओतली होती आणि त्यावर वेल लावला होता. आमच्या माणसांनी येऊन दुर्बिणीतून त्या ढिगाची उंची घेतली, आणि मी ती उंची तीन वर्षांपूर्वीच्या वादळासमोर उभी केली. ते वादळ बिचारं कॉम्प्युटरात अशा बांधाला धडकत होतं जो त्यानंच पाडलेल्या घरांचा होता. मला मोजणीवाल्यांचा राग आला, आबांचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या वाडीचं कौतुकही वाटलं. टोपल्यांनी वाळू वाहून माणसांनी आमची अख्खी संस्था फसवली होती.

"सरकारी माणसं आली नव्हती वादळानंतर?"

"रस्तो मोडललो. देऊळवाडीपर्यंत इले आणि गेले. मगे आबांनी सगळ्यांका बसवून सांगल्यानी. पाणी इलां म्हटलां तर वाडी उठवतले. म्हणान इलांच नाय असां म्हणूचां. घरां पडली त्याची मदत पण कोणी घेवक नाय. वाऱ्यान कौलां उडाली, तेवढीच सांगली."

"आणि तू माहेरी होतीस म्हणाले ते."

"तसांच म्हणूचां लागता." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी हय होतंय म्हटलां तर भाविका पण हयच होती."

"भाविका कोण?"

ती उठली. "घरात चला," म्हणाली.

माजघरात तिनं मुलगी माझ्याकडे दिली आणि स्वतः मधोमध जाऊन उभी राहिली. भिंती चिऱ्याच्या होत्या, नव्या. जमीन मात्र जुनीच होती. "हयसर उभी होतंय," ती म्हणाली, आणि तिनं आडवा हात गळ्याशी लावला. "हयपर्यंत इलां."

मी एका हातात मूल धरून टेप काढली. खालचं टोक तिनं पायाच्या अंगठ्याखाली धरलं. मी वरचं टोक तिच्या गळ्याशी नेलं. असं माप मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. आम्ही भिंतीवरचे डाग मोजतो, खांबावरची रेघ मोजतो.

"भाविका माझ्या खांद्यार होती," ती तशीच ताठ उभी राहून बोलली. "चार वर्सांची. माका म्हणाली, आये, पाणी गार आसा. तितक्यात मागली भिंत इली आंगार. मी वयर इलंय तेवा ती नाय."

मला टेपवरचे आकडे दिसेनात. मी रडत होते आणि मूल माझ्याकडे आश्चर्यानं बघत होतं.

"सगळे म्हणतत तापान गेली. दाखल्यार पण ताप. मी पण ताप म्हणतंय." तिनं माझ्या हातातून मुलगी परत घेतली. "आता हिका घेवन हयच निजतंय. वारो सुटलो की उठान बसतंय. घोव ट्रॉलरार, गोव्याक. तो म्हणता आबा सांगतत तसां कर. बाय, तुझ्या त्या यंत्रात घाल. माझ्या गळ्यापर्यंत इलां, तां घाल."

मी घातलं. मुक्कामाला असलेल्या खोलीत बसून आधी बांध काढून टाकला, मग वादळ सोडलं. पाणी टोकवाडीवरून सरळ खाडीत उतरलं. सुगंधाच्या घराच्या चौकोनात ते किती उभं राहिलं ते बघितलं, आणि तिच्या गळ्याचं माप त्याच्याशेजारी मांडलं. वीतभराचाही फरक नव्हता. असं जुळलं की एरवी मी उठून चहा करून घेते. मग मी पुढचं वादळ सोडलं, आत्ताच्या बांधासकट, पण वाळू सुटी आहे असं सांगून. पहिल्याच भरतीत बांध विरघळला, आणि त्यातली वाळू, कौलं, सगळं घेऊन पाणी घरांवर आलं.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. आबा बांधापाशी गुडघ्यांवर बसून मी केलेला खड्डा हातानं बुजवत होते. सत्तरीचा माणूस, पण खांदे अजून रापण ओढणाऱ्याचे.

"कोणी सांगल्यान?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कॉम्प्युटरनं."

ते हसले. अर्धा पाटा त्यांच्या गुडघ्याशी पडला होता. "कॉम्पुटराक पाटो म्हायत असता?"

मला खोटं कधीच धड बोलता येत नाही.

"बसा," आबा म्हणाले. "तुमी शिकलेली माणसां, तुमका एक सांगतंय. खालच्या अंगाक कोळंबवाडी होती. ती सड्यार न्हेल्यानी. माझो साडू थय रवता. घर बरां आसा, नळ आसा, लायट आसा. पण मासळी कशी येता, म्हायत आसा? पाणी काळां पडता, पक्षी बसतत. हयसून दिसता. दिसल्यार जेवूक बसलो असलो तरी ताट सोडून धावूचां लागता. सड्यारसून काय दिसता? सड्यारसून धावत इलो तर मासळी थांबतली? त्यांची रापण दोन वर्सांत सरली. साडवाचे झील, तरणे पोरगे, हॉटेलात भांडी घासतत."

"आबा, पुढच्या वेळी माणसं मरतील."

"दर्यार मरतत आमची माणसां. मरतत तशी मरतले."

"भाविका काही दर्यावर गेली नव्हती."

हे बोलायला नको होतं. आबांचे हात वाळूत तसेच थांबले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"नात ती माझी. माझ्याच आंगार खेळली," ते म्हणाले. "मी काय दगड आसंय? पण तिच्या एकटीपायी सगळ्या वाडयेक मारू?"

"मारायचं नाहीये कोणाला. वाचवायचंय."

"तुमचां वाचवणां आणि आमचां जगणां वेगळां." ते उठले, हात झटकले. "लिवा, पाणी इलां नाय. तुमचां काय जाता?"

"मला नाही जमणार आबा."

त्यांनी मान हलवली. जणू एवढंच ऐकायचं बाकी होतं. "मगे एक करा. कोणी सांगल्यान तां सांगू नका. वाडी तिका ठेवची नाय. माझी सून आसली तरी मी कायएक करूक शकाचंय नाय."

मी वचन दिलं. ते मनापासून दिलं होतं.

ग्रामसभा शाळेत होती. प्रांत कचेरीतून एक अधिकारी आले होते, तरुण, घामाघूम झालेले, लवकर आटपायच्या बेतात. मी भिंतीवर दोन्ही चित्रं दाखवली, बांधाचं आणि बांधाशिवायचं. दुसऱ्या चित्रात टोकवाडीवर पाणी पसरलं तसा गलका उठला. "खोटां!" "बांद पयल्यापासून आसा!" "आमच्या आजोबांच्या येळचो!"

"बांधात कौलं आहेत," मी म्हणाले. "मी स्वतः खणलंय."

"थय आमी कचरो टाकतो," जाळं विणणाऱ्या भावांपैकी एक ओरडला. "कौलां फुटली तर काय घरात ठेवची?"

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. "मॅडम, पाणी आलं होतं असं वाडीतलं कोणी म्हणतंय का? एक नाव द्या. सगळी वाडी नाही म्हणतेय आणि तुमचं मशीन हो म्हणतंय, मी काय लिहू?"

मी आबांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत जमिनीकडे बघत बसले होते. "नाव देता येणार नाही," मी म्हणाले.

"मग तसं लिहितो. साक्षीदार नाही."

"मी आसंय."

बायकांच्या रांगेत सुगंधा उभी राहिली होती, मुलगी छातीशी धरून. खोलीतला आवाज एकदम बसला.

"पाणी माझ्या गळ्याक इलां," ती म्हणाली. "आमचां घर पडलां. भाविका पाण्यात गेली. ताप नव्हतो तिका. तिका कायएक नव्हतां."

आबा उठले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल किंवा खरं बोलेल. त्यांनी अधिकाऱ्यांना हात जोडले.

"सायबांनू, चेडवाक ताप होतो," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तेवापासून हिच्या मनार परिणाम झालो. आमी सांभाळून घेतो."

आणि माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, बायकांच्या. सुगंधाची सासू तिच्या शेजारीच बसली होती. तिनं डोळे मिटले आणि तिचीही मान हलली.

सुगंधा सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. मग ती खाली बसली आणि मुलीला पदराखाली घेऊन पाजायला लागली. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही, पण काय ते आता आठवत नाही. अधिकाऱ्यांचा त्यामुळे काय समज झाला कोण जाणे, त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि बांध त्यांच्यासमोर खणायला सांगितला. दुपारपर्यंत दोन दारांच्या चौकटी आणि एक चूल निघाली. चूल कोणी कचऱ्यात टाकत नाही. टोकवाडीवर लाल रेघ पडली.

आबा म्हणाले होते तसंच सगळं झालं. पुढच्या वर्षी वाडी सड्यावर गेली. घरं बरी होती, नळ होता. रापण पहिल्या हंगामात चार-सहा वेळा लागली, दुसऱ्या हंगामात एकदा, आणि मग जाळं एका शेडमध्ये पडून उंदरांनी खाल्लं. तरुण पोरं गोव्याला गेली. आबा सड्यावर फार दिवस जगले नाहीत. त्यांच्या तिरडीला सुगंधाला हात लावू दिला नाही.

ती अजून तिथेच राहते, वसाहतीच्या शेवटच्या घरात. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नवरा आला तर आईकडे उतरतो. गणपतीत तिच्या दाराशी भजन थांबत नाही, नळावर ती आली की बायका बादल्या उचलतात. मुलगी आता मोठी झाली, हुशार आहे, तिच्या वर्गात तिच्याशेजारी कोणी बसत नाही. मी दोनदा जाऊन म्हटलं, पुण्याला चल, मी काम बघते. "मी कित्याक जाव?" ती म्हणाली. "मी काय खोटां सांगलंय?"

आणि वादळ आलेलं नाही. इतकी वर्षं झाली, आलेलं नाही. समुद्रात उठतात दरसाल, पण गुजरातकडे जातात, ओमानकडे जातात, वाटेतच विरतात. आमच्या गणितात त्यात चूक काहीच नाही. पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ उद्या येईल किंवा चाळीस वर्षांनी. हे मी सभेतही सांगितलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहण्यासारखं नसतं. टोकवाडीची रिकामी घरं अजून उभी आहेत. बांधावर दरवर्षी जांभळी फुलं येतात. सड्यावरची माणसं सणावाराला खाली उतरतात, आपापल्या अंगणात बसतात, कोरडी जमीन बघतात आणि चढ चढून परत जाताना सुगंधाच्या दारावरून मोठ्यानं बोलत जातात. "त्या बायच्या कॉम्पुटरातलां वादळ खय रवलां म्हणे?"

टीव्हीवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी आली की सुगंधाचा फोन येतो. गेल्या वर्षीही आला.

"बाय, अवंदा येतलां काय?"

मी कॉम्प्युटर उघडून ठेवलेलाच होता. "अजून लांब आहे. उत्तरेला सरकतंय. बहुतेक वळेल."

"वळतलां," ती म्हणाली. "थय आता कोण नाय. रिकामी घरां. मी रोज सांजेक दिवो लावतंय तेवा देवाक सांगतंय, येवंदे. एकदाचां येवंदे."

असं बोलू नये गं, म्हणायला मी तोंड उघडलं. दुसऱ्या किनाऱ्यावर माणसं असतात, होड्या असतात, चार वर्षांच्या मुली असतात. पण शब्द बाहेर आला नाही. माझ्यासमोर पडद्यावर ते वादळ हळूहळू ओमानकडे तोंड फिरवत होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.